खिळ्याला काय अडकवायचं

सरस्वतीला आपण गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या एका हातात झबल्यांसाठी घेतलेल्या मलमलीची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात अर्धं सोललेलं संत्रं. उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्यायचं म्हणजे घासाघीस करून घसा सुकतो, म्हणून ते संत्रं. आणि पौषातलं असलं तरी दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून फ्रेमवाल्याच्या काचेपुढची सावली. काचेच्या आत नेहमीची मंडळी होती. झुलेलाल, साईबाबा, वाघावरची देवी, कुणाचे तरी पागोटेवाले आजोबा. आणि आजोबांच्या शेजारी, सोनेरी काठाच्या फ्रेममध्ये, चंदनाचा हार घालून, ती. काचेवर तिचं प्रतिबिंबही पडलं होतं, त्यामुळे थोडा वेळ तिथे दोन सरस्वत्या होत्या. एक हिरव्या शालूतली, ठसठशीत कुंकवाची, शांत. दुसरी सुती साडीतली, संत्र्याची फोड गालात धरलेली. दोघींत जास्त टवटवीत कोण असं कुणाला विचारलं असतं तर त्याने हारवालीकडे बोट दाखवलं असतं.

खरं सांगायचं तर पहिला विचार भीतीचा नव्हताच. पहिला विचार आला तो असा, की हिरवा रंग आपल्याला बरा दिसतो, उगाच आयुष्यभर तपकिरी घेत राहिलो. मग तिने फोड गिळली, बी चुकून दाताखाली आलं, कडू लागलं, आणि त्या कडूपणाबरोबर बाकीचं सगळं आत शिरलं. शालू तिचा नव्हता. खांदे तिचे नव्हते. गळ्यातली मोहनमाळही कुणा दुसरीचीच होती. असली तयार अंगं या दुकानदारांकडे असतात, त्यांवर गिऱ्हाइकाचा चेहरा बसवायचा, हे तिला ऐकून ठाऊक होतं. चेहरा मात्र तिचाच होता, आणि तो कुठून आलाय हेही तिने ओळखलं. बँकेसाठी काढलेल्या पासपोर्ट फोटोंतला उरलेला एक जयदेवच्या पाकिटात असायचा. म्हणजे जयदेव इथे आला होता. बदलापूरच्या खरवईहून उठून उल्हासनगरपर्यंत, एक शब्द न बोलता, आला होता. बायकोचा फोटो दिला होता. आणि बायकोला हार घालून घेतला होता.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्यावरून जाणारी एक बाई काचेकडे बघत, मग तिच्याकडे बघत गेली. आणि सरस्वतीला घरातला खिळा आठवला. मागच्या आठवड्यात जयदेवने हॉलच्या भिंतीत एक खिळा ठोकला होता, त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर. भिंतीचा रंग नवा होता, म्हणून ती जरा करवादली होती, हे कशाला म्हणून. त्यावर तो म्हणाला होता, असू दे. कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं, घड्याळ दाराशी होतं, देव कोपऱ्यात होते. खिळ्याला काहीच नव्हतं. रोज सकाळी झाडताना तिची नजर त्यावर जायची. भिंतीवर इतकी जागा मोकळी, पण जिथे खिळा तिथेच काहीतरी नाही असं दिसायचं. बाकीच्या भिंतीवरही काही नव्हतंच की. पण ते ‘नाही’ कुणाला दिसत नव्हतं.

असल्या गोष्टींत मन घालायची सवय तिला बुधाजी सरांनी लावली होती. अंबरनाथला शंकराच्या जुन्या देवळाच्या अलीकडे एका समाजमंदिराच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी सर बोलायचे, आणि घरचं आवरून आलेल्या बायका, काही निवृत्त पुरुष आणि एक झोपाळू वकील ऐकायचे. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. माणूस इथलाच, आगरी, बोलताना मध्येच ‘कय’ म्हणणारा. सरस्वती माहेरच्या, चामटोलीच्या शाळेपुढे फारशी शिकली नव्हती, पण वाचनालयातून आणलेलं, रद्दीतून काढलेलं, पुडीला बांधून आलेलं असं सगळं वाचलेलं तिच्या डोक्यात कुठेकुठे पडून होतं, आणि सरांच्या खोलीत ते एकमेकांना ओळख देऊ लागलं. हे गुरुवार चालले होते ‘असणं’ या एका शब्दावर. सर म्हणाले होते, पश्चिमेकडे एक माणूस शेगडीपाशी बसला आणि ठरवलं, की सगळ्यावर संशय घ्यायचा. शेगडी आहे का? माझा हात आहे का? सगळं वजा करत गेला आणि शेवटी संशय घेणारा तेवढा उरला. त्याला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं. सरस्वतीला वाटलं होतं, हा शेगडीपाशी बसून एवढा विचार करत होता तेव्हा शेगडीत कोळसे कोण घालत होतं? त्या बाईवर कुणी संशयसुद्धा घेतला नाही. मग सरांनी झोपडीत जाऊन राहिलेल्या एका जर्मन पंडिताचं सांगितलं. त्याचं म्हणणं, माणूस जगात फेकला गेलेला असतो, त्याच्या असण्याचा कल सतत त्याच्या संपण्याकडे असतो, आणि हे विसरायला तो चार लोकांत मिसळून वायफळ बोलत बसतो. ते ऐकून वर्गातल्या वेणूबाई म्हणाल्या होत्या, मग काय गप्प बसावं? सरस्वती मनात म्हणाली होती, मला कुणी फेकलं नाही बाबा. मला टेम्पोत बसवून आणलं, लोखंडी कपाटाच्या शेजारी, आणि उतरताना आधी कपाट उतरवलं.

काचेपुढे उभ्याउभ्या तिला हे सगळं आठवलं, आणि त्याच्या खाली दुसरं एक आठवत राहिलं, जे गेले काही दिवस कशाच्याही खाली असायचं. नेत्राचा फोन. नेत्रा बंगळूरला, मार्चमध्ये बाळ यायचं. बाळंतपणाला आई जाणार हे ठरलेलंच होतं, पण आता नेत्रा म्हणत होती, मम्मी तू दोन वर्षं ये. पाळणाघरात घालायचं जिवावर येतं. पप्पांचं काय, पप्पा करतील मॅनेज, डबा लावतील. जयदेव समोर बसून ऐकत होता, फोन स्पीकरवर होता. फोन ठेवल्यावर सरस्वतीने त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, “तू बघ.” बस, एवढंच. ‘जा’ म्हणाला असता तर ती भांडली असती. ‘जाऊ नको’ म्हणाला असता तर त्याहून भांडली असती. पण ‘तू बघ’शी कसं भांडायचं? त्याला धरायला कुठे कडच नाही. रात्री पडल्यापडल्या ती ते दोन शब्द उलटेसुलटे करून बघायची. त्यांत मोकळीक होती, की त्याला काही फरकच पडत नव्हता? इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर हेसुद्धा आपल्याला सांगता येऊ नये, याची तिला लाज वाटायची. आणि ज्याला आपल्या असण्या-नसण्याचा फरक पडत नाही त्याच्याजवळ राहण्यात काय अर्थ, आणि पडत असेल तर जाण्यात काय अर्थ, इथे येऊन तिची गाडी अडायची. नेत्राला रविवारी उत्तर द्यायचं होतं. आज गुरुवार. आणि इकडे माणसाने आधीच हार घालून ठेवलेला.

ती दुकानाची पायरी चढली. गल्ल्यामागे मालक चंदूशेठ बसले होते, नाव पाटीवरच होतं. चष्मा कपाळावर सरकवलेला, पांढरा लेंगा-झब्बा, हातात फ्रेमच्या काठाचा तुकडा. त्यांनी वर बघितलं, काचेतल्या फोटोकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि ते उठून उभे राहिले. उल्हासनगरात दुकानदार गिऱ्हाईक आलं म्हणून सहसा उठत नाही. त्यांनी स्टूल पुढे केलं, कळशीतलं पाणी ओतून ग्लास तिच्या हातात दिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “आप बहन हो ना उनकी? चेहरा सेम आहे, ताई.”

आता इथे कुणाही शहाण्या बाईने जे करायचं ते सरस्वतीने केलं नाही. ती म्हणाली, “हो. धाकटी.”

का म्हणाली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. आयुष्यात तिच्यावर खोटं बोलायचे प्रसंग पुष्कळ आले होते, पण स्वतःचीच बहीण व्हायचा हा पहिलाच. धाकटी म्हणताना तर तिला जरा बरंही वाटलं. मेलेल्या माणसाबद्दल लोक काय बोलतात हे त्या माणसाला कधी ऐकायला मिळत नाही, आणि इथे ती ग्लास हातात घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. चंदूशेठ म्हणाले, भाईसाहब सोमवारी आले होते. एवढासा फोटो, पाकिटातून काढला पण हातातून सोडवेना. मोठा करायचाय म्हणाले. मी काही विचारलं नाही. धंद्याचा कायदाच आहे आमच्या, माझ्या वडिलांनी शिकवला, की एकट्या बाईचा किंवा एकट्या पुरुषाचा मोठा फोटो करायला कोणी आलं, तर कब, कैसे, असं विचारायचं नाही. पाणी द्यायचं, आगाऊ पैसे मागायचे नाहीत, हार आपल्यातर्फे घालायचा. चेहऱ्यावरून कळतंच ना. आणि भाईसाहबांचा चेहरा…

चंदूशेठनी वाक्य सोडून दिलं. सरस्वतीला ते पुरं करता आलं असतं. जयदेवचा चेहरा जन्मजात तसाच होता. लग्नाच्या फोटोतही तो मयताला आल्यासारखा उभा होता. कारखान्यात त्याला बढती मिळाली तेव्हा तो घरी आल्यावर तिने आधी घाबरून कोण गेलं विचारलं होतं. त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून या भल्या माणसाने तिला मारलं होतं, आणि वर चंदनाचा हार फुकट घातला होता. तिला हसू आलं. पण धाकट्या बहिणीने अशा वेळी हसायचं नसतं, म्हणून तिने पदर तोंडाला लावला, आणि चंदूशेठना वाटलं ती रडते आहे. त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. ते तिच्या समाधानासाठी आणखी सांगू लागले, आणि मग तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

“बहुत बारीकी से बोले, ताई,” चंदूशेठ म्हणाले. “बोलले, केस काळे नका करू, कानापाशी पांढरे आहेत ते राहू द्या. साडी तपकिरी, टिकली छोटी ठेवा. आणि मध्ये नको, जरा डावीकडे. मी म्हटलं, भाईसाहब, बीच में अच्छी लगेगी. तर बोलले, ती आरशात बघून लावत नाही. घाई असते तिला. रोज डावीकडे जाते.” मग ते फ्रेमच्या तुकड्यावरून बोट फिरवत म्हणाले, “मैंने फिर भी बीच में लगाई. आमच्यात सुवासिनी गेली की कुंकू मोठं, मधोमध. शालूपण हिरवा. नियम आहे तो. मला वाटलं, दुःखात माणूस काहीपण बोलतो. चुकलं का माझं?”

सरस्वतीचा हात नकळत कपाळाकडे गेला. टिकली होती. मधोमध होती की नाही हे हाताला काय कळणार. तिने दुकानात सगळीकडे लावलेल्या काचांपैकी एकीत बघितलं. डावीकडे होती. चांगली तांदळाभर डावीकडे. इतकी वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नेत्राने नाही, शेजारणींनी नाही, आणि त्याने तर नाहीच. रोज सकाळी चहाचा कप हातात घेताना तो वर बघायचा, क्षणभर, आणि पुन्हा पेपरात. त्या क्षणात तो काय बघत होता? हे? बुधाजी सरांनी मागच्या गुरुवारी सांगितलं होतं, की आपल्याकडच्या वेदान्त्यांनी कुठल्याही वस्तूत पाच गोष्टी बघितल्या. ती आहे. ती भासते. ती प्रिय आहे. तिला नाव आहे. तिला रूप आहे. यातली नाव आणि रूप ही वरची, बदलणारी, संसाराची. पहिल्या तीन मात्र सगळ्यांत एकच, त्या कशानेही पुसल्या जात नाहीत. तेव्हा सरस्वतीने हात वर करून विचारलं होतं, सर, आहे आणि भासते हे ठीक, पण सगळं प्रिय कसं असेल? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी? त्यावर सर म्हणाले होते, तुम्ही त्याच्या बायकोला विचारा. सगळे हसले होते, वकीलसुद्धा जागा झाला होता, आणि तिला वाटलं होतं, सरांनी उत्तर टाळलं. आता त्या स्टुलावर बसून तिला पहिल्यांदा शंका आली, की तेच उत्तर असावं.

“चंदूशेठ,” ती म्हणाली, “ती मीच आहे.”

त्यांनी आधी तिच्या पायांकडे बघितलं. पाय सरळ आहेत याची खात्री झाल्यावर तोंडाकडे. मग ते स्टूलभर मागे सरकले, मग काचेकडे धावले, हार इतक्या घाईने काढला की चंदनाच्या दोन-तीन साली शेजारच्या पागोटेवाल्या आजोबांच्या फ्रेममध्ये अडकून राहिल्या. ते कान धरत होते, झुलेलालाकडे बघून हात जोडत होते, तिच्याकडे बघून हात जोडत होते, दोघांत त्यांची गल्लत होत होती. म्हणाले, भाभीजी, उमर बढ़ गई आपकी, मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं. सरस्वती म्हणाली, आमच्याकडेही तेच म्हणतात, तेव्हा बसा आता, मी रागावलेली नाही. मग त्यांनी चहा मागवला. मसाल्याचा, घट्ट, साईसकट. तो पिताना त्यांनी हळूच विचारलं, की मग भाईसाहबांना जिवंत बायकोचा एवढा मोठा फोटो कशाला हवा होता?

हा प्रश्न तिच्याही जिभेवर होता, पण चंदूशेठच्या तोंडून ऐकताच तिला उत्तर दिसलं. खुर्ची, समोरची भिंत, खिळा. नेत्राचा फोन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी खिळा ठोकलेला. त्याने मनात तिला बंगळूरला पाठवून दिलं होतं. दोन वर्षं. ‘जाऊ नको’ म्हणणं त्याच्या हातून होणार नव्हतं, मुलीच्या आणि नातवाच्या आड तो कधी आला नसता. मग त्याने त्याच्या पद्धतीने सोय केली, जन्मभर कारखान्यात फिटर असलेल्या माणसाने करावी तशी. आधी खिळा, मग माप, मग फ्रेम. टिकली डावीकडे. म्हणजे चंदूशेठचं फारसं काही चुकलं नव्हतं. बायको जाणार म्हणून बसलेला माणूस आणि बायको गेलेला माणूस यांचा चेहरा ओळखायला एकच पडतो.

तिने चंदूशेठना सांगितलं, की आपण येऊन गेल्याचं त्यांना कळू द्यायचं नाही. फोटो त्यांनी सांगितला तसा करायचा, तपकिरी साडीतला, पांढऱ्या केसांचा. शालू गेला याचं तिला किंचित वाईट वाटलं, ते तिने गिळलं.

अंबरनाथला जाणारी शेअर रिक्षा मिळाली. शेजारी एक मुलगी कानात फोनची बोंडं घालून हिंदीत कुणाशी तरी भांडत होती, मध्येच मराठीत रडत होती. रस्त्याच्या कडेने शिवणयंत्रांचा आवाज, निळ्या कापडाचे ढीग, उन्हात वाळत घातलेल्या जीन्स. पाय आहेत, पोट आहे, आत कुणी नाही. सरस्वती त्यांच्याकडे बघत होती, पण डोक्यात दुसराच आवाज होता. कितीतरी वर्षांपासूनचा, रोजचा. जयदेव घरी आला, कारखान्यातून येवो की हल्ली नुसता नदीकडून फिरून येवो, की दारात चपला काढता काढता विचारतो, “आहेस का?” आणि ती असेल तिथून ओरडते, “आहे.” कढईपाशी, मोरीत, पोथीवर, बाळंतिणीच्या खाटेवर, तापात. आहे. तरुण असताना तिला याचा राग यायचा. दारात माझ्या चपला दिसत नाहीत का तुम्हाला, ती म्हणायची. कुलूप नाही म्हणजे मी आहे, एवढं कळायला काय लागतं? सरांनी डोंगरावरच्या धुराचं शिकवलं तेव्हा तिला लगेच चपलाच आठवल्या होत्या. धूर दिसला की आग असणार, चपला दिसल्या की बायको असणार. अनुमान. जयदेवला अनुमान येत नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. रिक्षा एका खड्ड्यात आदळली, मलमलीची पिशवी तिच्या छातीशी आली, आणि तिच्या लक्षात आलं, की त्याला पुरावा नकोच होता. पुरावा दारातच पडलेला असायचा. त्याला उत्तर हवं होतं. चामटोलीला तिच्या लहानपणी उंबऱ्याबाहेरून शेजारीण हाक मारायची, हायेस का गो? आणि आई आत तांदूळ निवडत असायची, ती म्हणायची, हाय, जातंय कुठं. तेवढ्यावर शेजारीण परत जायची. काही काम नसायचं. मीठ नको, विरजण नको. नुसतं विचारून जायची. छोट्या सरस्वतीला वाटायचं, बायका वेड्या आहेत.

समाजमंदिरात पोचली तेव्हा वर्ग सुटला होता. सर एकटेच खुर्च्या एकावर एक ठेवत होते. तिने मदत केली आणि ठेवता ठेवता सगळं सांगितलं, धाकटी बहीण झाल्याचंसुद्धा. सर इतके हसले की त्यांना खुर्ची खाली ठेवावी लागली. म्हणाले, पुढच्या गुरुवारी तुम्हीच बोला, मी ऐकतो, माझ्याकडे असलं उदाहरण नाही. मग ते दोघं देवळापर्यंत चालत गेले. दगडांवर उतरतं ऊन होतं. तिथला देव वर नाही, खाली आहे. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं, आणि वर बघितलं तर उघडं आकाश. ती आत जाऊन आली. खाली गार होतं, ओल्या बेलाचा वास होता, आणि काही क्षण तिच्या मनात कुठलाच विचार नव्हता. तरी ती होती. शेगडीवाल्याला हे सांगायला हवं होतं.

बाहेर सर पारावर बसले होते. सहज बोलावं तसं म्हणाले, “आमच्या हिच्या फोटोला मी अजून हार घातलेला नाही. मुलं म्हणतात, बाबा, बरं दिसत नाही. मी नुसती धूळ पुसतो.” त्यांनी पारावरचं एक वाळकं पान उचलून खाली टाकलं. “‘नाही’ म्हणवत नाही हो. आणि ‘आहे’ म्हटलं तर कय, लोक डॉक्टरकडे नेतील. मग या दोहोंच्या मधे बसून मी दर गुरुवारी तुम्हाला शिकवतो.”

 सर आपल्या बायकोबद्दल कधीच बोलले नव्हते. सरस्वतीने पिशवीतून उरलेलं संत्रं काढलं, अर्धं त्यांना दिलं, अर्धं स्वतः घेतलं. दोघांनी बिया हातात जमवल्या. जाताना तिने विचारलं, “सर, घरी गेल्यावर तुम्ही हाक मारता का? दारातून?” सर म्हणाले, “मारतो.” आणि मग, चावट मुलासारखं हसून, “हळू मारतो.”

बदलापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. खरवईच्या वळणावर नव्या इमारतींच्या मागे अजून थोडी शेतं आहेत, तिथून पेंढा जाळल्याचा वास येत होता. कुणीतरी धूर केला होता, म्हणजे आग असणार. ती जिना चढली. हिशेब मनाशी झालेलाच होता, कधी झाला ते मात्र कळलं नव्हतं. बाळंतपणाला जायचं, बाळ जरा धरतं झालं की परत. आणि जाताना एकटीने नाही. बंगळूरलाही नळ गळत असतील, फिटर माणूस उपयोगी पडेल. नेत्रा रुसेल, मग तिचं तिला कळेल. आपलं आपल्याला कळायला काय कमी वेळ लागला?

दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर त्याच्या चपला होत्या. कोल्हापुरी, टाचेला झिजलेल्या, एक सरळ, एक तिरकी. सरस्वती तिथे थांबली. आज उलटं झालं होतं, तो आत आणि ती दारात. असं पूर्वीही झालं असेल, गुरुवार सुरू झाल्यापासून तर दर आठवड्याला होत होतं, पण ती आपली सरळ आत जायची, भाजी ठेवायची, दिवा लावायची. चपला दिसल्या म्हणजे माणूस आहे. तिला अनुमान येत होतं. तिने तोंड उघडलं आणि तिलाच विचित्र वाटलं. नवी नवरी असल्यासारखं.

“आहात का?”

आत भांड्याचा आवाज होता, तो थांबला.   तिला तो दिसत नव्हता, पण तो कसा उभा असेल ते दिसत होतं. हातात दुधाचं पातेलं, मान दाराकडे, तो चेहरा. पेंढ्याचा वास जिन्यात शिरला होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही लावला.

“आहे,” जयदेव म्हणाला. आवाज जरा फाटला. मग खाकरून, नीट, पुन्हा म्हणाला, “आहे.”

ती आत आली. तो ओट्यापाशी होता, चहा टाकत होता, दोन कपांचा. त्याने विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही, विचारलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तो रोजचा क्षणभर, आणि तिने आज त्याची नजर कुठे जाते ते बघितलं. कपाळावर, जरा डावीकडे. मग तिने पाणी पिता पिता सांगून टाकलं, की रविवारी नेत्राला काय सांगायचं ठरवलं आहे, आणि त्याला स्वेटर लागेल, बंगळूरला सकाळी गारठा असतो.  दूध उतू गेलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून दूध उतू गेलेलं तिने पाहिलं नव्हतं. तो फडकं शोधू लागला, फडकं त्याच्या खांद्यावरच होतं.

कप घेऊन दोघं हॉलमध्ये आले. तो त्याच्या खुर्चीत बसला. सरस्वतीने खांद्यावरची मलमलीची पिशवी काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. पिशवी फुगीर होती, जराशी हलली आणि स्थिर झाली.

जयदेव चुळबुळला. पिशवीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाला, “त्याला दुसरं काहीतरी लावायचंय.”

“माहितेय,” ती म्हणाली. “ते येईपर्यंत हे असू दे.”